चार फरश्यांवरचा नाच

(प्रस्तावना)

सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाल्कनीत नेऊन ठेवला आणि डायनिंगच्या खुर्च्या टेबलाखाली सारल्या, की आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोनच्या चार फरश्या मोकळ्या होतात. पाचवी मिळत नाही. तिच्यावर सासूबाईंची आरामखुर्ची आहे आणि ती हलवायची आमच्यात कोणाची टाप नाही. बंगळुरूच्या बोम्मसंद्रा इंडस्ट्रियल एरियाच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, या चार फरश्यांवर मी आणि माझा नवरा अडीच वर्षं बाल्बोआ शिकतो आहोत. त्या काळात ठेवलेल्या वहीची साफ केलेली प्रत म्हणजे ही पुस्तिका. नाच पुस्तकातून शिकता येत नाही हे आम्हालाही कळतं. स्वयंपाकही पुस्तकातून येत नाही, तरी 'रुचिरा' घरोघरी आहेच.

बाल्बोआच्या आधी दोन वर्षं आम्ही लिंडी हॉप शिकत होतो. स्विंगच्या नाचांतला हा थोरला भाऊ, आणि थोरल्या भावासारखाच ऐसपैस बसणारा. त्याला जागा लागते. हात लांब करून जोडीदाराला दूर सोडायचं आणि परत बोलवायचं, मध्ये उड्या, लाथा, गिरक्या. शहरातल्या वर्गाच्या हॉलमध्ये हे शोभतं. घरी सराव केला की एक तर शोकेसची काच वाजायची नाही तर खालच्या मजल्यावरचे अंकल वर यायचे. ते दोनदा आले. दोन्ही वेळा फार सभ्यपणे आले, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

मग वर्गात एका शनिवार-रविवारी बाल्बोआ शिकवला. पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत, नुसते सरकवायचे. दोघांनी छातीला छाती टेकवून उभं राहायचं आणि सगळा कारभार गुडघ्याखाली. आम्ही घरी येऊन तो सुरू केला. महिन्याभराने अंकल लिफ्टमध्ये भेटले आणि हळहळून म्हणाले, "नाच सोडलात वाटतं?" त्या महिन्यात आम्ही आधीच्या दीडपट वेगाने नाचत होतो.

वेगवान नाच म्हटलं की पाय मोठा टाकावा लागेल, अंग जोरात हलवावं लागेल, धाप लागेल, असं आपण धरून चालतो. बाल्बोआत याच्या उलट आहे. गाणं जितकं पळेल तितकं पाऊल आखूड होत जातं, आणि जोडीदार जितका जवळ तितका पळायचा त्रास कमी. एवढं एक वाक्य डोक्यात शिरायला आम्हाला आठ महिने लागले.

लिंडीचा जन्म न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा. १९२६ मध्ये तिथे सॅव्हॉय बॉलरूम उघडली. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचू शकतील अशा त्या काळातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. पुढच्या वर्षी चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला आणि त्याच्या नावावरून नाचाचं नाव पडलं, असं सांगतात. १९३५ च्या सुमारास फ्रँकी मॅनिंग या पोराने जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून पलीकडे उतरवलं आणि लिंडी हवेत गेला. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटातला फ्रँकी आणि त्याच्या साथीदारांचा नाच आजही लोक तोंडात बोट घालून बघतात. रील्सवर स्विंग म्हणून जे फिरतं ते बहुतेक याच वळणाचं. तुम्ही ते पाहून ही पुस्तिका हातात घेतली असेल तर आत्ताच सांगते, यात कोणी कोणाला उचलत नाही. आमच्या वयात उचलूही नये.

बाल्बोआ देशाच्या दुसऱ्या टोकाचा. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला बाल्बोआ नावाची समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. १९२८ मध्ये तिथे राँदेव्हू बॉलरूम सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी तिथे होणाऱ्या गर्दीची कल्पना मुंबईकराला लगेच येईल, संध्याकाळी सहाचा दादरचा पूल डोळ्यांपुढे आणा आणि त्यावर बँड वाजतोय असं समजा. अशा ठिकाणी चार्ल्स्टन नाचातल्या लाथा झाडल्या तर शेजाऱ्याची नडगी फुटणार. काही हॉलनी म्हणे त्यावर बंदीच घातली होती. तेव्हा पोरांनी लाथा गिळल्या आणि जागच्या जागी पाय घासत तोच वेग खालच्या खाली जिरवला. मला यातला विनोद आवडतो. बाल्बोआ हा स्पॅनिश दर्यावर्दी. पनामाच्या डोंगरावरून १५१३ मध्ये त्याने पॅसिफिक महासागर पाहिला. एवढा समुद्र पाहिलेल्या माणसाचं नाव मिळालं वीतभर जागेत नाचायच्या नाचाला.

पुढे स्विंगची लाट ओसरली. १९६६ मध्ये राँदेव्हू आगीत गेली. नाच कोणी लिहून ठेवला नव्हता, तो उरला होता काही म्हाताऱ्यांच्या पायांत. मॅक्सी डॉर्फ, विली डेसाटॉफ अशी ती माणसं. १९८० च्या दशकात सिल्व्हिया साइक्स, जॉनथन बिक्सबी यांच्यासारख्या तरुण मंडळींनी त्यांना गाठलं आणि बघत, विचारत, सोबत नाचत तो उचलला. प्रत्येक म्हाताऱ्याचं पाऊल निराळं होतं आणि प्रत्येकाला आपलंच अस्सल वाटे. घराण्यांच्या भांडणांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

या नाचाची मोठी अडचण अशी की तो दिसत नाही. कमरेच्या वर जवळजवळ काहीच घडत नाही. दोन माणसं एकमेकांना धरून शांतपणे उभी आहेत आणि किंचित थरथरताहेत, एवढंच लांबून दिसतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रमाच्या रात्री आम्ही नाव दिलं. पहिल्या रांगेतल्या लहान मुलांनी वाकून आमचे बूट पाहिले आणि ती खूश झाली. तिसऱ्या रांगेच्या मागे मात्र काहीच पोचलं नाही. गाणं अर्ध्यावर आलं असताना मागून एक आवाज आला, "सुरू कधी होणार?" त्यानंतर एका लेझीम पथकाने अशी काही दाद घेतली की विचारू नका.

आपल्या डोळ्यांना जोडीचा नाच बघायची सवयच वेगळी आहे. आपली जोडी प्रेक्षकांकडे किंवा कॅमेऱ्याकडे तोंड करून शेजारी शेजारी नाचते. स्विंग संगीत मात्र आपल्याकडे केव्हाच येऊन बसलं होतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आले. त्यांच्या आणि पुढे आलेल्यांच्या आसपास गोव्याच्या वादकांची एक पिढी हे संगीत उचलून मोठी झाली. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या बँडचे दिवस फिरले, आणि अनेकांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगची वाट धरली. तिथे त्यांना पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र भेटले. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत पुणतांब्याच्या माणसाचं, ट्रम्पेट हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांचा, ज्यांना सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणे, आणि पडद्यावर भगवान आभाजी पालव. भगवानदादांचा तो खांदे पाडून, गुडघे सैल ठेवून केलेला नाच आजही प्रत्येक विसर्जन मिरवणुकीत सापडतो. नीट पाहिलं तर दादा लाथा मारत नाहीत, उड्या मारत नाहीत. पाय घासतात. पण एकट्याने. त्यांच्या शेजारी गीता बाली असते, त्यांच्या मिठीत नसते. आपल्याकडे स्विंग कानातून आत गेला, कवेत आला नाही.

गोव्याच्या आणि बंगळुरू कँटोन्मेंटच्या ख्रिस्ती लग्नांत तो कवेतही आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे गोऱ्या फौजांची ये-जा वाढली आणि त्यांच्यासोबत जिटरबग आणि जाइव्ह आले. फौजा गेल्या, नाच राहिला. एका लग्नात पंचाहत्तरीचं एक अँग्लो-इंडियन जोडपं जाइव्ह करताना पाहिलं, तेव्हाच माझा नवरा पहिल्यांदा म्हणाला, "आपण शिकूया का?" तोवर या माणसाने स्वतःच्या वरातीतही पाय हलवला नव्हता.

आता वेगाबद्दल. नवरा मशीन शॉपमध्ये आहे, त्याला आकडा दिल्याशिवाय काही पटत नाही. बाल्बोआ साधारण मिनिटाला १८० मात्रांच्या पुढे खुलतो आणि चांगले नाचणारे ३०० पर्यंत जातात. आम्ही २४० ला पोचलो आहोत. "२४० म्हणजे लेथ अगदी सावकाश चालल्यासारखं," तो म्हणाला. मग त्याने हिशेब मांडला. सेकंदाला चार मात्रा. मूळ पाऊल आठ मात्रांचं, म्हणजे दोन सेकंदांत एक. जुन्या ७८ च्या तबकडीवरचं गाणं तीन मिनिटांचं, त्यात अशी ९० पावलं. पण आठ मात्रांत वजन सहाच वेळा बदलतं: एक, दोन, तीन, थांब, पाच, सहा, सात, थांब. म्हणजे तीन मिनिटांत ५४० वेळा वजन या पायावरून त्या पायावर, आणि १८० वेळा थांबायचं.

खरी मेख या थांबण्यात आहे. घाई झालेला माणूस चौथ्या मात्रेवर थांबत नाही, पुढचा पाय टाकून मोकळा होतो, आणि तिथून पुढे सगळी गाडी घसरते. थांबायचं म्हणजे गोठायचंही नाही. पाय हवा असेल तर फरशीवरून घासत जाऊ द्यायचा, वजन मात्र द्यायचं नाही. आमच्या वहीत "४ वर थांबला नाही" हे वाक्य मोजून ६३ वेळा आहे. त्यातली ३१ वेळा ते माझ्याबद्दल आहे, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

आठ मात्रा म्हटल्यावर मला केहरवा आठवला आणि वाटलं, ही तर घरचीच वाट. मी मिरजेची. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने होणाऱ्या मैफली ऐकत रात्री जागवलेल्या. समेवर मान आपोआप पडते. तीच मान इथे नडली. स्विंगमध्ये टाळी एक आणि तीनवर नसते, दोन आणि चारवर असते. मी एकवर असा काही पाय द्यायची की नवरा दचकायचा. यावर उपाय म्हणून आम्ही दोन आठवडे नाच बंद ठेवून नुसत्या टाळ्या वाजवल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही दोन आणि चारवर. हसा, पण करा. त्याशिवाय पुढची पानं उघडू नका.

आता सासूबाईंचा प्रसंग, कारण या पुस्तिकेतलं सगळ्यात उपयोगी प्रकरण त्यांच्यामुळे आलं.

बाल्बोआचे दोन प्रकार. एक शुद्ध, त्यात मिठी सुटत नाही आणि वजन किंचित पुढे, जोडीदाराकडे असतं. दुसरा बाल-स्विंग, त्यात मिठी उघडते, जोडी गिरक्या घेते, बाहेर जाऊन परत येते. दुसऱ्या प्रकारातली एक जोडगिरकी आम्हाला काही केल्या जमेना. मी प्रत्येक वेळी फेकल्यासारखी बाजूला जायची. एका संध्याकाळी आरामखुर्चीवरच्या कोपराचा आधार घेत वाचले, तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढला. त्या निपाणीच्या, वय ७४.

"फुगडी हाय की ही," त्या म्हणाल्या. "अन् हात ढिलं सोडून फुगडी घालतंय व्हय कोण?"

मग मुलाकडे वळून: "अन् तू रं? वढतोस कशाला तिला? नुसती धर. ती आपली आपण फिरतीय."

त्या उठल्या. पदर खोचला. माझे दोन्ही हात आडवे धरले, पायाची बोटं माझ्या बोटांना भिडवली आणि म्हणाल्या, "रेल मागं. माझ्या जिवावर रेल. पडत न्हाईस." मी रेलले. क्षणभर त्यांचं सगळं वजन माझ्या मनगटांत आलं आणि माझं त्यांच्या. दोघींचा मिळून एकच तोल झाला. मग पाय आपोआप बारीक बारीक पडायला लागले, आणि आम्ही दोन-तीन फेरे असे घेतले की पंखा, ट्यूबलाइट आणि नवऱ्याचा घाबरलेला चेहरा सगळं एका रेषेत आलं. सासूबाईंनी थांबवलं तेही हळूच, पाय न आपटता. बसल्या, धाप आवरली आणि म्हणाल्या, "मंगळागौरीला आमी दीड-दीड तास घालत हुतो. एवढी पुस्तकं लागली न्हाईत."

त्या संध्याकाळी आम्ही जे शिकलो ते असं. फुगडीत लांब पाय टाकला की जोडी तुटते. बोटांना बोटं भिडलेली, म्हणजे वर्तुळाचा मधला बिंदू जवळजवळ पायाशी. पाय त्या बिंदूजवळ राहिले तर वेग वाढवायला जोर लागत नाही. हाताने ओढायचं नाही, अंगाने रेलायचं, आणि ते दोघांनी सारखंच. एक रेलला आणि दुसरा ताठ राहिला तर रेललेला पडणार, हे सांगायला भौतिकशास्त्र नको. वारीत वारकरी फुगडी घालतात, पोरीबाळी झिम्म्यात घालतात, म्हणजे आपल्या मुलखात हे ज्ञान वाटेवर पडलेलं आहे. फक्त नवरा-बायकोंनी एकमेकांबरोबर फुगडी घालायची नाही, असा एक अलिखित नियम कोणी केला कोण जाणे. पुस्तिकेचं तिसरं प्रकरण म्हणून फुगडीपासून सुरू होतं. वर्गात शिकवणाऱ्यांना आम्ही ती करून दाखवली. आता ते नव्या मुलांनाही शिकवतात, आणि तिला "फुग्डी" म्हणतात.

शब्दांची पंचाईत पुष्कळ झाली. या नाचात एक जण दिशा सुचवतो आणि दुसरा ती उचलतो. इंग्रजीत त्यांना लीड आणि फॉलो म्हणतात. मराठीत काय म्हणावं? पुढारी आणि अनुयायी म्हटलं तर सभा भरल्यासारखं वाटतं. सांगणारा आणि ऐकणारी हे नवऱ्याने सुचवलं आणि त्या दिवशी सराव झाला नाही. मला स्वतःला "साथ" हा शब्द आवडतो. पेटीची साथ करणारा गवयाच्या मागे केसभर अंतर ठेवून चालतो. तो हुकूम पाळत नाही, ऐकतो. गवय्याने जागा मोकळी सोडली तर भरतो, आणि कधी एखाद्या सुराने गवय्यालाच भलतीकडे नेतो. अशी साथ म्हटली तर मी करते. पण लिहिताना "साथीदाराने डावा पाय" वगैरे वाचून चोरीच्या गुन्ह्याची बातमी वाटू लागली, म्हणून शेवटी लीड आणि फॉलो हेच ठेवलं. भूमिका बदलून नाचता येतं आणि नाचावं. दर रविवारी आम्ही बदलतो. नवऱ्याने फॉलो केलं तेव्हा पहिल्यांदा त्याला कळलं की तो मला किती उशिरा सांगत होता.

लाजेबद्दलही लिहायला हवं. चाळिशी उलटलेल्या मराठी जोडप्याला चार लोकांत छातीला छाती टेकवून उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. पहिल्या दिवशी आमच्या दोघांत एक अख्खा वर्तमानपत्राचा अंक मावला असता. मिठीत एकमेकांकडे बघायचं नसतं, आपापल्या समोर, जोडीदाराच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं. याने फार सोय होते. माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडर असतं, त्याच्यापुढे फ्रीज. तिसऱ्या महिन्यात कधीतरी कॅलेंडर दिसेनासं झालं.

बूट हा खर्चाचा नाही, अकलेचा भाग. रबरी तळव्याचे बूट फरशीला चिकटतात, गुडघा वळतो तेव्हा पाऊल वळत नाही, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. माझा उजवा गुडघा सहा आठवडे बसला होता. चंदापूर सर्कलजवळ बूट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या अण्णांकडे आम्ही कॅनव्हासचे साधे बूट नेले आणि तळाला चामडं लावून मागितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "जारबेका?" घसरायला हवं का? हो म्हटलं. सगळा जन्म लोक त्यांच्याकडे घसरू नये म्हणून येत होते. त्यांनी चामडं लावलं, हाताने घासून गुळगुळीत केलं, स्वतःच्या लादीवर बूट ढकलून पाहिला आणि तो पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला तेव्हा आमच्याकडे असं पाहिलं, की आता पडलात तर मला विचारू नका.

वर्ग इंदिरानगरच्या बाजूला. होसूर रोड आणि सिल्क बोर्डाचा चौक ज्यांनी भोगला आहे त्यांना बाकी काही सांगत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि बोम्मसंद्रा तिचं टोकाचं स्टेशन झालं. सुरुवातीला २५ मिनिटांनी एक गाडी होती. एक चुकली की उंच, वाऱ्याच्या त्या प्लॅटफॉर्मवर करायला काही नसायचं. आम्ही कडेच्या खांबामागे उभे राहून पायांपुरता सराव करायचो, हात खिशात. या पुस्तिकेतली पाचव्या प्रकरणातली पावलं सगळी त्या खांबामागची. गाड्या वाढल्या तशी आमची प्रगती मंदावली.

पुस्तिका कशी वाचायची ते थोडक्यात. पावलांच्या आकृत्या मुद्दाम घातल्या नाहीत. कागदावरचं पाऊल नेहमी खऱ्यापेक्षा मोठं दिसतं, आणि या नाचात तीच चूक महागात पडते. पहिल्या प्रकरणात पाऊलच नाही, दोन आठवडे नुसतं मिठीत उभं राहून श्वास मोजायचा आहे. गाणी १४० पासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-दहा मात्रांहून जास्त वाढवू नका. वेग वाढला की स्विंगमधलं ते लांब-आखूड हिंदकळणं सपाट होत जातं. त्यामुळे सावकाश गाण्यातली लचक जपून वेगवान गाण्यात न्यायचा हट्ट धरू नका.

वहीत दोन अक्षरं आहेत. निळं माझं, काळं त्याचं. छापताना रंग गेले, म्हणून त्याच्या नोंदी तिरप्या ठेवल्या आहेत. एकाच संध्याकाळच्या दोन नोंदी जिथे जुळत नाहीत तिथे आम्ही काहीही दुरुस्त केलेलं नाही. पान ४१ वर मी लिहिलं आहे, "आज २२० वर पूर्ण गाणं झालं. एकदाही अडलो नाही." त्याखाली तिरप्या अक्षरांत, "अडलो. दुसऱ्या कडव्यात. तिला कळलं नाही म्हणून सांगितलं नाही."

बोम्मसंद्रा,
गुढीपाडवा